"कपाळ पुसून या": खानापूर तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

"अक्का, पुढच्या रविवारी येताना कपाळ पुसून या."

हे वाक्य आमच्या एका तरुण सुवार्तिकाचं. ऐकणारी बाई खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या, भातशेती करणाऱ्या एका मराठी गावातली. ती खरंच पुसून आली. प्रार्थना आटोपून घरी परतली तेव्हा सासूने हंबरडा फोडला, शेजारपाजारच्या बायका कोण गेलं म्हणून धावत आल्या, आणि दिवेलागणीपर्यंत गावभर एकच बोलणं झालं: कन्नड पास्टरने हिचं कुंकू पुसलं.

मी बेळगावची, मराठी ख्रिस्ती घरातली. खेडोपाडी सुवार्ता सांगायला जाणाऱ्यांच्या प्रशिक्षणात बरीच वर्षं काम करते. हे प्रकरण निस्तरायला मला बोलावलं गेलं, म्हणून ते जवळून पाहता आलं. गावाचं नाव देत नाही आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. बाकी घडलं तसं लिहिते, कारण प्रशिक्षणात आम्ही जे शिकवत होतो त्यातलीच एक मोठी उणीव इथे उघडी पडली.

घर

घर मराठा शेतकऱ्याचं. दोन एकर भात, बांधावर काजूची थोडी झाडं, गोठ्यात एक म्हैस. नवरा माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. एकादशी चुकत नाही, संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात हरिपाठाला जातो. सासू विधवा. दोन मुलं, धाकट्याला वरचेवर ताप यायचा. बाईचं शिक्षण सातवीपर्यंत, मराठी शाळेत.

धाकटा मुलगा बेळगावच्या दवाखान्यात होता तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिला मराठी नवा करार दिला. मुलगा बरा झाला, पुस्तक घरी आलं. ती ते रोज दुपारी वाचायची, लपवून नाही, उंबऱ्यात बसून. लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय तिला जवळजवळ पाठ होता. दहा नाण्यांतलं एक हरवतं तेव्हा दिवा लावून घर झाडून काढणारी बाई त्यात आहे. "माझ्यासारखीच की ही," ती मला म्हणाली होती. "मला आधी वाटायचं देव म्हणजे देवळात बसलेला. हा तर केरसुणी घेऊन शोधायलाय." इतकी स्वच्छ साक्ष मी मंडळीत वर्षानुवर्षं बसणाऱ्यांकडून फार क्वचित ऐकली आहे. तिला कुणी काही द्यायचं कबूल केलं नव्हतं. तिने वाचलं, आणि तिला पटलं.

सुवार्तिकाशी तिची गाठ तिथून पुढे पडली. तो धारवाडकडचा. बासल मिशन १८३७ मध्ये धारवाडात आलं, त्या भागातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांपैकी एक त्याचं, पणजोबांपासून ख्रिस्ती. घरची भाषा कन्नड. मराठी तो खानापुरात येऊन शिकला, दोन वर्षांत, पवित्र शास्त्र वाचून आणि आठवड्याच्या बाजारात बोलून. त्यामुळे तो 'तारण' आणि 'परमेश्वर' सहज म्हणायचा, पण घरातल्या बायका आपसात काय बोलतात ते त्याच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. मनाने निर्मळ, कष्टाळू, पावसात चिखल तुडवत वाड्यावस्त्यांवर जाणारा पोरगा. त्या बाईच्या गावाहून सात-आठ किलोमीटरवर एका घरात रविवारी पंधरा-वीस माणसांची प्रार्थना व्हायची. ही तिथे जाऊ लागली. नवऱ्याला ठाऊक होतं. त्याचं म्हणणं एवढंच, की घरची कामं अडू नयेत.

ते वाक्य

आता त्या वाक्याकडे येते. मराठीत 'कपाळ पुसणं' किंवा 'कुंकू पुसणं' म्हणजे विधवा होणं. याला दुसरा अर्थच नाही. भांडणात एक बाई दुसरीला "तुझं कुंकू पुसलं जाईल" म्हणते तेव्हा ती तिच्या नवऱ्याच्या मरणाचा शाप देत असते. आमच्या सुवार्तिकाला म्हणायचं होतं, कुंकू लावू नका. तोंडून निघालं ते, नवरा मेल्यासारख्या या.

बाईला शब्दाचा अर्थ कळत होताच. मी तिला नंतर विचारलं, मग पुसलंस का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटलं देव विचारायलाय, नवरा पाहिजे का मी."

या प्रकरणातून एकच वाक्य कुणी लक्षात ठेवणार असेल तर ते हे ठेवावं. ख्रिस्ताने तिला असं काही विचारलं नव्हतं. आम्ही विचारलं, आणि त्याच्या नावावर विचारलं.

वर ते वर्षही तसंच होतं. ऑक्टोबर २०२२, दसरा होऊन गेलेला, दिवाळी तोंडावर, शिवारात भात कापणीला आलेलं. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, आणि महाराष्ट्र सरकारने इतर गावांनाही तसं करण्याचं आवाहन केलं. हेरवाड सीमेला लागूनच आहे. बेळगावच्या मराठी घरांतून त्या ठरावाची चर्चा झाली नाही असं झालं नाही. जिचा नवरा गेलाय तिचंही कुंकू पुसू नका, असं शेजारच्या जिल्ह्यातलं एक गाव ठरवत होतं. आणि आम्ही जिचा नवरा शेतात औत धरून उभा आहे तिला पुसून या म्हणत होतो.

ती संध्याकाळ

देवळापुढे माणसं जमली. दोन आठवड्यांवर एक नोव्हेंबर होता. कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसाचा काळा दिवस एकाच तारखेला येतात, १९५६ पासून. त्या दिवसांत इथे पाटीवरच्या अक्षरावरूनही डोकी फिरतात. त्यामुळे तरुण पोरांना यात धर्म कमी आणि भाषा जास्त दिसली. शाळा गेल्या, कचेऱ्या गेल्या, आता आमच्या बायकांची कपाळंही यांनाच हवीत, असं एकजण बोलला म्हणे. दोघांनी व्हिडिओ काढायला मोबाइल वर केले होते.

त्यांना थांबवलं ते हरिपाठ सांगणाऱ्या एका म्हाताऱ्या माळकऱ्याने. मोबाइल खिशात घाला, घरातली गोष्ट घरात बसून बोलायची, त्या पोराला उद्या बोलवा. एवढंच बोलून ते घरी गेले आणि जमाव पांगला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. आमच्या बैठकांतून 'गावाचा विरोध' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. गाव म्हणजे एक माणूस नव्हे. त्या संध्याकाळी सुवार्तिकाचं डोकं फुटलं नाही ते गळ्यात तुळशीची माळ असलेल्या एका वारकऱ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी मी आणि सुवार्तिक गेलो. नवरा पायरीवर बसला होता, आम्हाला "या" म्हणाला, पण वर बघेना. सासू आत भिंतीला टेकून. बाई चुलीपाशी, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला.

सुवार्तिकाने सुरुवात केली ती शास्त्रवचनाने. मी त्याला हाताने थांबवलं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग सासू बोलली, माझ्याकडे बघून: "बाई, माझं पुसलं तवा चौघींनी धरलं होतं मला. मी पुसू देत नव्हते. हिनं आपल्या हातानं पुसलं?"

नवऱ्याने खाली बघतच विचारलं, "मी हाय न्हवं अजून?"

तेव्हा तो पोरगा रडला. रडत म्हणाला, "आई, माझी चूक झाली. त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता. तुमच्या मुलाचं वाईट माझ्या मनात नव्हतं." पुढे 'पण' लावला नाही, हे बरं झालं.

म्हातारी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "तुझ्या आईच्या कपाळाला न्हाय काय?"

"नाही. कधीच नव्हतं."

"बाप हाय?"

"आहे."

"मग तुमच्यात नवरा हाय हे कळतं कशानं?"

यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि आम्हा दोघांनाही पटकन उत्तर देता आलं नाही. माझ्या आईच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, हातात अंगठी होती, असं काहीतरी मी सांगितलं. पण त्या घरात, त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं, की माझं उघडं कपाळ घेऊन मी इतकी वर्षं गावागावांतून हिंडले तेव्हा अनेक सासवांनी मला विधवा समजून मनातल्या मनात हळहळ केली असेल. कुणी बोललं नाही. आणि विचारायचं मलाही सुचलं नाही.

निघताना आम्हाला गूळ-पाणी मिळालं. ते सासूने दिलं.

'मराठी माणूस पाठवा'

आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत पहिला उपाय निघाला तो हा. कन्नड मुलगा मराठी गावात पाठवला हीच चूक, त्याला बदला, एखादा नगरकडचा मराठी तरुण आणा.

मी विरोध केला आणि अजूनही करते. कन्नड बायकांच्या कपाळावरही कुंकू असतंच. धारवाडच्या शेतकऱ्याच्या सुनेला हेच सांगितलं असतं तर तिथेही हाच आकांत झाला असता. ही दरी मराठी आणि कन्नड यांच्यामधली नव्हतीच. ती चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर आणि हिंदू घर यांच्यामधली होती, आणि ती मी मराठी असले तरी माझ्यातही आहे. माझ्या पणजीने कुंकू सोडलं, आजीने कधी लावलं नाही, आईने नाही, मी नाही. मी त्या बाईला "कपाळ पुसून या" म्हटलं नसतं, कारण मला शब्द कळतो. मी "कुंकू लावायचं बंद करा" म्हटलं असतं. व्याकरण बरोबर झालं असतं, घर तेवढंच मोडलं असतं.

भाषा शिकणं लागतंच, त्यात सूट नाही. पण गावाने भाषेचं भांडण पाहिलं म्हणून आपणही तेच पाहायचं, हे निदान चुकीचं आहे.

वाईट याचं वाटतं, की बेळगावच्या ख्रिस्ती माणसाला ही गोष्ट नव्याने शिकावी लागली. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर इथे १८२० मध्ये आले. बाबा पदमनजी १८३१ मध्ये याच शहरात जन्मले, इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ मध्ये इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं, आणि तिचा विषय काय, तर हिंदू विधवांचे हाल. म्हणजे कपाळ पुसलं गेलं की बाईच्या वाट्याला काय येतं हे बेळगावच्या एका नव्या ख्रिस्ती माणसाने सगळ्यांआधी कादंबरीत मांडलं होतं. आमच्या प्रशिक्षणाच्या वर्गात पदमनजींचं नाव कधी निघालं नव्हतं. परदेशातल्या कार्यकर्त्यांच्या गोष्टी मात्र भरपूर होत्या.

बैठकीत एका वडीलधाऱ्या पाळकांनी गंभीर आक्षेप घेतला, तो बाजूला सारता येणार नाही. कुंकू निव्वळ सौभाग्याची खूण नाही, ते म्हणाले. हळदीकुंकू देवीला वाहतात, सौंदत्तीच्या यल्लम्माला भंडारा उधळतात, तेच कपाळाला लागतं. मग विश्वासी बाईने ते कसं लावावं?

मी बाईलाच विचारलं. सकाळी कुंकू लावताना कुणाचं नाव घेतेस? "कुणाचं न्हाय. आरशात बघते, लावते. ह्यांचं बरं व्हावं असं मनात असतंय." देवळातला अंगारा आणि स्वतःच्या करंड्यातलं कुंकू या तिच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. अंगारा घेणं तिने कुणी न सांगता आधीच सोडलं होतं. पाळकांचं समाधान झालं नाही. ते म्हणाले, "ह्यांचं बरं व्हावं" हीसुद्धा प्रार्थनाच, मग ती कुणाजवळ? प्रश्न योग्य आहे. त्याचं उत्तर तिनेच शोधायचं आहे आणि ती शोधते आहे. यरुशलेमेत प्रेषित जमले तेव्हा परराष्ट्रीयांतून आलेल्यांवर सुंतेचं ओझं घालायचं नाही असं त्यांनी ठरवलं. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात ते आहे. आणि पुढच्याच अध्यायात पौल तीमथ्याची सुंता करतो, तिथल्या यहुद्यांसाठी. खूण एकच, माणसं वेगळी, निर्णय वेगळा. आम्ही खेड्यातल्या एका बाईला हा विचार करायला एक आठवडाही दिला नव्हता.

मावशी

बाईने कुंकू पुन्हा लावलं, त्याच आठवड्यात. मंडळीने काही म्हणायचं नाही असं ठरलं. पुढे काय होईल याचा मात्र मी विचारच केला नव्हता.

त्या प्रार्थनेला एक वयस्क बाई येतात, सगळे त्यांना मावशी म्हणतात. तीस वर्षांपूर्वी त्या विश्वासात आल्या, तेव्हाच्या पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून कुंकू सोडलं, आणि नवऱ्याने घराबाहेर काढलं. लहान मुलगी सासरीच राहिली. तिचं लग्न झालं ते यांना दुसऱ्याकडून कळलं. आता त्यांच्या शेजारी चटईवर ही बाई लालभडक कुंकू लावून बसू लागली, आणि कुणी काही बोलेना.

मावशींनी मला गाठलं. "मग माझ्याकडनं का घेतलं?"

मी म्हणाले, चुकलंच मावशी, आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, तुमच्या माणसांशी बोलायला हवं होतं. मंडळीच्या वतीने मी माफी मागते.

त्या एकदम चिडल्या. "चुकलं म्हणू नकोस. त्यांनी सांगितलं, पण दिलं मी. येशूला दिलं. तू आता ते चुकलं म्हणालीस तर माझ्याजवळ काय उरलं?"

मला बोलता आलं नाही. एकीसाठी जे योग्य ठरवावं त्याने दुसरीच्या तीस वर्षांवर पाणी पडतं, ही अडचण कुठल्याही प्रशिक्षणाच्या वहीत नव्हती. मावशींचं दान खरं होतं आणि ते मागणाऱ्यांची घाईही खरी होती. या दोन्ही गोष्टी एकत्र धरून कसं बोलायचं ते मी अजून शिकते आहे. मावशी रविवारी येतात. त्या बाईशी बोलतात, पण बसताना जागा बदलून बसतात.

बाप्तिस्मा

बाप्तिस्मा बाईने स्वतः मागितला आहे. या सगळ्याआधीही मागितला होता, आणि सुवार्तिकाचा विचार होता की पहाटे मलप्रभेवर चार माणसांत उरकून घ्यावा. ते मी होऊ दिलं नाही.

कर्नाटकाचा धर्मांतराविषयीचा कायदा विधानसभेत मंजूर झाला तो २३ डिसेंबर २०२१ ला, बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधमध्ये. मे २०२२ मध्ये वटहुकमाने तो लागू झाला. त्यात धर्म बदलणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, बाप्तिस्मा देणाऱ्यानेही तीस दिवस आधी कळवायचं, ती सूचना तहसीलदार कचेरीतही लागते आणि हरकती मागवल्या जातात. बळजबरी किंवा आमिषाचा ठपका आला तर ते तसं नव्हतं हे आरोप असणाऱ्यानेच सिद्ध करायचं. स्त्रीच्या बाबतीत शिक्षा तीन ते दहा वर्षं आणि पन्नास हजार दंड. जून २०२३ मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, आणि १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. सुवार्तिकाला हे सगळं माहीत हवं आणि ते आम्ही आता शिकवतो.

पण कायदा नसता तरी मी तो पहाटेचा बाप्तिस्मा थांबवला असता. नवऱ्याला न सांगता नदीवर नेलेली बायको, ही गोष्ट त्या घरात कुंकवापेक्षा हलकी ठरली नसती. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षं टिळक थांबले, आणि लक्ष्मीबाई आपल्या पायांनी आल्या. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. मी टिळकांएवढी पुढे जाणार नाही, बाप्तिस्मा मला मोलाचाच वाटतो. पण थांबणं हेही सुवार्तेचं काम आहे, हे त्यांच्या घराकडे पाहून कळतं.

सुवार्तिक अजून तिथेच आहे. आम्ही त्याला बदललं नाही. पहिले सहा महिने त्याला बोलायचं नाही, फक्त ऐकायचं असं सांगितलं. तो सासूकडे जाऊन बसायचा, भात झोडायला मदत करायचा. ती त्याला मराठी शिकवते, घरातली मराठी. चुकला की हसते. प्रार्थनेत आता टिळकांची भजनं टाळांवर म्हणतात. ते टाळ नवऱ्याने दिले, देवळातले नव्हेत, स्वतःच्या घरचे.

नवरा प्रार्थनेला येत नाही. माळ काढलेली नाही आणि ती काढा असं कुणी म्हणत नाही. मागच्या खेपेला बाईने माझ्यासमोरच बाप्तिस्म्याचा विषय काढला. तो म्हणाला, मळणी होऊ दे, मग आईला घेऊन बसू. सासू आतून म्हणाली, मलाबी ऐकायचंय सगळं, आदीपासनं. बाईने कोनाड्यातला नवा करार काढला आणि खूण कुठे घालून ठेवली होती ते शोधू लागली.